माळकरी आबांसाठी रविवारचा चुरा: खिम्याच्या जागी काय घालावं

आमच्या घरी रविवारचं मटण मीच करतो. आठवडाभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा असतो, पण रविवारी सकाळी सातला मटणाच्या रांगेत, आणि अकरा वाजेपर्यंत आळणीचा, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्याचा, वास मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडापर्यंत पोचलेला. आबा, म्हणजे माझे वडील, तालमीत वाढलेले. कुस्ती सुटली तरी खुराकावरचा जीव सुटला नव्हता, त्यातही खिम्यावरचा. वाटाणा घातलेला सुका खिमा, वर लिंबू पिळून पावाबरोबर. रस्स्यात सोडलेले खिम्याचे गोळे. आई होती तेव्हा ती करायची ते खिमा भरलेले बटाटेवडे.

चार वर्षांपूर्वी कार्तिकीला आबांनी पंढरपुरात माळ घातली. त्या दिवसापासून मटण बंद, अंडं बंद. पुढच्या रविवारी आम्ही आत ताटं मांडली आणि आबा पिठलं-भाकरी घेऊन बाहेर सोप्यात जाऊन बसले. तक्रार काही नाही. "तुम्ही खावा निवांत," एवढंच म्हणाले. माझा मात्र घास घशाखाली उतरेना. मला आबा आमच्या पंगतीत हवे होते.

त्यानंतर दीड-दोन वर्षं मी खिम्याच्या जागी काय काय घालून बघितलं. त्यातलं जे जमलं आणि जे फसलं ते सांगतो. माळकऱ्यांच्या घरात, श्रावण-नवरात्र पाळणाऱ्यांकडे किंवा डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलं असेल तिथं, उपयोगी पडेल.

आधी बघा, खिमा काम काय करत होता

पहिल्यांदा मी केलं ते बहुतेकजण करतात. सोया ग्रॅन्यूल्सचं पाकीट आणलं, पाच मिनिटं गरम पाण्यात टाकलं आणि मटणाच्या मसाल्यात ढवळलं. रंग फक्कड आला. आबांनी चार घास खाल्ले आणि हळूच म्हणाले, "बाळ, कच्च्या शेंगंचा वास येतुय रं." खरंच येत होता. चावायला स्पंज, वरून तिखट आणि आत फिकं. कढईत ओतलेलं तेल कुठं गेलं तेही कळेना.

उद्यमनगरात जुन्या मशीनचा एखादा पार्ट मिळेनासा झाला की आम्ही तो दिसायला कसा होता हे विचारत नाही. तो काय काम करत होता ते बघतो, भार घेत होता की नुसतं अंतर राखत होता, आणि मग दुसरा बनवतो. त्या रविवारी रात्री मी खिम्याचाही तसाच विचार करत बसलो.

सुक्या खिम्यात तो चावायला दाणा देतो आणि मसाल्यात चरबी सोडतो. गोळ्यात तो आपला आपल्यालाच धरून ठेवतो, म्हणून पीठ फारसं लागत नाही. रस्स्यात त्याचं काम पाण्याला चव देण्याचं. आणि सामोसा, पराठा, वडा यांच्या सारणात तो नुसती जागा भरतो, चव सगळी मसाल्याची. ही सगळी कामं एकटी करेल अशी एकही शाकाहारी वस्तू मला मिळाली नाही. एकेका कामाला मात्र हमखास मिळाली. म्हणून खिम्याऐवजी काय, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या पदार्थातल्या?

सोया वडी: दोनदा पिळायची, एकदा मुरवायची

सुक्या खिम्याला सोया वडीसारखं दुसरं काही नाही. पण ती वागते कशी हे समजून घेतलं पाहिजे. सोयाबीन आपल्या जिल्ह्यातलंच पीक. बियाचं तेल काढून घेतल्यावर जे पीठ राहतं ते पाणी घालून, उष्णतेनं आणि दाबानं यंत्रातून ढकलतात. बाहेर पडताना ते फुगतं, त्याला धागे आणि भोकं पडतात. तेल आधीच निघून गेलेलं, त्यामुळं १०० ग्रॅम वडीत चरबी एखादा ग्रॅम. मटणाचा खिमा कढईत तेल सोडतो, ही तेल पिते. माझं तेल त्या दिवशी तिथं गेलं होतं.

ग्रॅन्यूल्स आणू नका, मोठी वडी आणा. ग्रॅन्यूल्सचा दाणा मशीननं पाडल्यासारखा एकसारखा असतो, जीभ लगेच ओळखते. मोठी वडी भिजवून, पिळून, मिक्सरला थांबत थांबत दोन-तीन झटके दिले की काही बारीक, काही जाड, काही धागेदार असा चुरा होतो. सत्तूरनं हातानं तोडलेल्या खिम्याच्या जवळ जाणारा. आई मशीनचा खिमा कधी आणू द्यायची नाही, ते का, हे मला मिक्सरसमोर उभं राहिल्यावर कळलं. लक्ष्मीपुरीत किराणा दुकानात वडी सुटी मिळते. दाबून बघायची, कुटकन मोडली पाहिजे. लवत असेल तर जुनी आणि दमट. नाकाशी धरायची, तेलकट खवट वास आला तर परत ठेवायची.

अर्धा किलो खिम्याच्या जागी सव्वाशे ग्रॅम सुकी वडी पुरते. भिजून ती तिप्पट होते, आणि अर्धा किलो खिमाही शिजून आटतोच.

मोठ्या पातेल्यात दीड-दोन लिटर पाणी खळखळ उकळून त्यात चमचाभर मीठ घाला. वडी टाकून पाच-सात मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करून दहा मिनिटं झाका. हे पाणी ओतून द्या. त्यातच तो शेंगांचा वास असतो. वडी रोवळीत घेऊन थंड पाण्याखाली चोळा, मग सुती फडक्यात बांधून पिळा. पुन्हा पाण्यात बुडवून पुन्हा पिळा. पाणी गढूळ यायचं थांबलं की झालं. हातानं नुसतं दाबून भागत नाही, फडकंच हवं. आबा स्वतः पिळतात. सत्तरी उलटली तरी मनगट तालमीतलंच आहे, आणि रविवारच्या स्वयंपाकात आपलाही हात लागतो याचं त्यांना बरं वाटतं.

आता वडी कोरडी झाली, म्हणजे पुन्हा काहीतरी प्यायला तयार झाली. इथं साध्या पाण्यावर सोडलीत तर आतून फिकीच राहणार. मटणाची चव आळणीत असते, मग वडीलाही आळणी द्यायची, फक्त मटणाविना.

बिनमटणाची आळणी

ही मला सापडायला सगळ्यात जास्त दिवस लागले आणि आता माझा सगळा शाकाहारी स्वयंपाक हिच्यावर चालतो.

एक कांदा सालासकट गॅसवर करपेपर्यंत भाजायचा आणि वरची जळकी साल काढून चार फोडी करायच्या. मूठभर अख्खा मसूर, कोथिंबिरीचे देठ, लसणाच्या सात-आठ पाकळ्या ठेचून, आल्याचा तुकडा, चार मिरी, एक तमालपत्र, चिमूटभर हळद. अळिंबी चालत असेल तर तिचे देठ. लिटरभर पाण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. पाणी मसुरीमुळं तपकिरी आणि थोडं दाट होतं. गाळून घ्या. गाळणीतला मसूर टाकू नका, तो चुऱ्यात जाणार आहे.

या गरम आळणीत थोडं मीठ आणि अर्धा चमचा कांदा-लसूण चटणी घालून पिळलेली वडी वीस मिनिटं मुरवा. मग हलकेच दाबा, या वेळी कोरडी करायची नाही. उरलेली आळणी रस्स्याला. आमच्याकडं आता आबांसाठी याच आळणीचा पांढरा रस्सासुद्धा होतो. नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस वाटून, वर तुपात लवंग-वेलदोड्याची फोडणी. आमच्या मुलीला तोच जास्त आवडतो.

सुका चुरा, पाच माणसांना

मिक्सरमधून काढलेला चुरा आधी एकटा परतायचा. मसाला करून त्यात चुरा टाकायची सवय मटणाची आहे, इथं ती सोडावी लागते. लोखंडी कढई चांगली तापवा, तीन मोठे चमचे तेल, चुरा पसरा आणि दोन-तीन मिनिटं हलवू नका. उलथनं घेऊन हात शिवशिवतो, पण थांबा. चुऱ्यात पाणी आहे तोवर तो शंभर अंशांच्या वर जात नाही, नुसता वाफलतो. भाजल्याचा रंग आणि वास १४० अंशांच्या आसपास धरतो, म्हणजे पाणी उडून गेल्यावरच. कढई लहान असेल तर दोन घाण्यांत करा, ढीग घातलात की वाफ कोंडते. कडा तांबूस झाल्या, दाणे कढईत तडतडायला लागले की काढून ठेवा.

त्याच कढईत अजून तीन चमचे तेल. जास्त वाटेल, पण खिमा स्वतःची चरबी घेऊन येतो तेवढी आपण घालतोय. तीन कांदे बारीक चिरून, सोनेरीच्या पुढं, तांबूस होईपर्यंत. मग ओलं वाटण, म्हणजे आलं, दहा-बारा लसूण पाकळ्या आणि कोथिंबीर. त्याचा कच्चा वास गेला की सुकं वाटण: दोन चमचे खिसलेलं सुकं खोबरं, एक चमचा तीळ, एक चमचा खसखस, सगळं वेगवेगळं भाजून वाटलेलं. तीळ-खोबऱ्याचं तेल इथं चरबीची जागा घेतं, म्हणून ते सोडू नका. मग एक टोमॅटो, तो पार विरघळून कडेला तेल सुटेपर्यंत. शेवटी दोन चमचे कांदा-लसूण चटणी. आमची उन्हाळ्यात कांडपावरून करून आणलेली असते, तिच्यात मीठ असतं, ते धरून चालायचं.

आता परतलेला चुरा, आळणीतला मसूर, वाटीभर उकडलेला वाटाणा आणि वाटीभर आळणी. झाकण ठेवून दहा मिनिटं, झाकण काढून पाच मिनिटं. गॅस बंद करून आणखी पंधरा मिनिटं तसाच ठेवा. लगेच वाढला तर मसाला वेगळा आणि चुरा वेगळा लागतो. वरून कोथिंबीर आणि लिंबू. लिंबाचं काम नुसतं चवीचं नाही, डाळी-सोयातलं लोह अंगी लागायला त्यातलं सी जीवनसत्त्व मदत करतं. खिमा-पावाबरोबर लिंबाची फोड द्यायची पद्धत इथं जास्तच कामाची.

हे जमलं त्या रविवारी मी खूश होतो. ताट पुढं ठेवलं, आबांनी वास घेतला आणि हात मागं घेतला. "हे खिमाच हाय काय?" त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. माळ मोडेल याची. मी आतून वडीचं पाकीट आणून दाखवलं, मिक्सरचं भांडं दाखवलं, तेव्हा कुठं त्यांनी पहिला घास घेतला. तो चेहरा मी विसरलो नाही. हुबेहूब मटणासारखं करायच्या नादात मी ज्याच्यासाठी करत होतो त्यालाच विचारलं नव्हतं. आबांना मटणाची आठवण नको होती. त्यांना तिखट हवं होतं, भाकरी हवी होती आणि आमच्याबरोबर बसायचं होतं.

त्या दिवसापासून आबांच्या चुऱ्यात मी दगडफूल, जायपत्री आणि तयार मटण मसाला घालत नाही. मटणाचा म्हणून जो वास डोक्यात बसलेला असतो तो बराचसा या मसाल्यांचा. घरात कुणाला उलट हवं असेल, म्हणजे मटण सोडलंय पण चवीची ओढ आहे, तर तेच मसाले अर्धा-अर्धा चमचा घाला, लगेच फरक पडेल. आणि आम्ही त्याला खिमा म्हणणंही सोडलं. चुरा म्हणतो. कुणासाठी करताय त्याला आधी विचारा, ही पायरी वडी भिजवायच्याही आधीची.

कढई, उलथनं, पातेलं आबांचं वेगळं आहे. त्यांच्यावर खूण केलीय, चुकून मटणाला लागत नाहीत. माळकऱ्याला बोलावणार असाल तर हे कराच, आणि बोलावताना सांगाही. ते स्वतःहून विचारणार नाहीत, नुसतं पोट भरलंय म्हणतील.

अख्खा मसूर

सोयाचा वास कुणाला अजिबात सहन होत नसेल तर मसूर. इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) ते कोल्हापूर पट्ट्यात ढाब्यावर अख्खा मसूर खाल्लेल्या माणसाला त्याची ताकद सांगायला नको. खिम्यासाठी तो ढाब्यासारखा मऊ करायचा नाही. तासभर भिजवून उघड्या पातेल्यात शिजवा, कुकरला शिट्ट्या दिल्या की लगदा होतो. पंधरा मिनिटांनंतर दर दोन मिनिटांनी एक दाणा बोटात दाबून बघा. दाबला जातोय पण फुटत नाही, तिथं उतरवा आणि पाणी निथळा, पाणी अर्थातच आळणीला. टोमॅटो, चिंच, आमसूल यांतलं काही शिजताना घालू नका, आंबटानं दाणा कडक राहतो. मग निम्मा मसूर पळीच्या मागच्या बाजूनं चेचा आणि निम्मा तसाच. चेचलेला मसाला धरतो, अख्खा चावायला लागतो. दोन चमचे भाजलेल्या दाण्याचं भरड कूट घातलं की त्याला अंग येतं.

पावाबरोबर हा सोयापेक्षा मला उजवा वाटतो. भाकरीबरोबर सोया. पाव मऊ असतो, त्याला मऊ मसूर मानवतो, आणि भाकरीला चावणारं काहीतरी लागतं.

गोळे

इथं मी सगळ्यात जास्त वेळा फसलो. सोयाचे गोळे रस्स्यात टाकले की विरघळून आमटी व्हायची. कारण साधं आहे. मटणात मीठ घालून मळलं की ते स्वतःच चिकट होतं आणि शिजताना घट्ट होतं. सोया एकदा यंत्रात शिजून आलेली, तिच्यात ती चिकटण्याची ताकद उरलेली नसते. धरून ठेवणारं दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि ते आपल्याकडं डाळीच्या गोळ्यांच्या आमटीत पहिल्यापासून आहे.

वाटीभर हरभरा डाळ चार तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटा. त्यात ६० ग्रॅम सुक्या वडीचा चुरा, वर सांगितल्याप्रमाणे पिळून आणि मुरवून, पण या वेळी मुरल्यावरही घट्ट पिळा. एक बारीक चिरलेला कांदा मीठ लावून पिळून, आलं-लसूण, चमचाभर चटणी, भाजलेले तीळ, कोथिंबीर, दोन चमचे तेल आणि पंढरपुरी डाळ्याचं दोन-तीन चमचे पीठ. चांगलं पाच मिनिटं मळा. लिंबापेक्षा लहान गोळे करा, मोठे केले की मध्ये कच्चे राहतात.

मोदकपात्रात बारा-पंधरा मिनिटं वाफवा. मग तव्यावर थोड्या तेलात सगळीकडून तांबूस करा. रस्सा वेगळा उकळून गॅस बंद करा आणि गोळे जेवायला बसताना सोडा. पहिल्यांदा एकच सोडून बघा, पाच मिनिटं टिकला तर बाकीचे सोडा. फुटला तर उरलेल्यात अजून थोडं डाळ्याचं पीठ मळा. आई खिम्याच्या गोळ्यांनाही एक गोळा आधी सोडून बघायची.

बाकीचे

कच्चा फणस. आजरा, चंदगड, राधानगरीकडून उन्हाळ्याच्या तोंडावर कपिलतीर्थाच्या मंडईत येतो. हाताला, सुरीला, पाटाला तेल लावल्याशिवाय चिरू नका, नाहीतर चिकटलेला चीक निघत नाही. हळद-मीठ घालून उकडला की हातानं धागे सुटतात. खिम्यापेक्षा तो तुकड्याच्या मटणाची जागा चांगली घेतो, म्हणून तांबड्या रस्स्यात आणि बिर्याणीत घाला.

अळिंबी. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, २०० ग्रॅम चिरून टाकली की मूठभर उरते. कोरड्या कढईत मीठ न घालता पाणी सुटून आटेपर्यंत परता, तेल नंतर. एकटीचा खिमा करू नका, चुऱ्यात पाव हिस्सा मिसळा, चवीला खोली येते. आबा खात नाहीत, बरेच माळकरी खात नाहीत, विचारून घ्या. आणि पावसाळ्यात रानातून कुणी आणून दिलेली, ओळख नसलेली अळिंबी कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका. विषारी जाती शिजवूनही विषारीच राहतात.

सुरण खिसून, आमसुलाच्या पाण्यात उकळून, कबाबाला छान. आमसूल किंवा चिंच नसेल तर घसा खाजतो. पनीर कुस्करून भुर्जी होते, खिमा होत नाही. टोफू मिळाला तर रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवून, पूर्ण वितळवून, पिळून कुस्करा. बर्फानं त्याला भोकं पडतात आणि मसाला आत जातो. शहरात आता गोठवलेला तयार शाकाहारी खिमाही मिळतो. घाईत चालतो, पण त्यात मीठ-मसाला आधीच असतो, चटणी निम्मी करा.

ताकदीचं काय?

हा प्रश्न आबांचा. ज्यानं शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबागेच्या मैदानात लंगोट लावलाय त्याला खुराकाचा हिशेब द्यावाच लागतो. १०० ग्रॅम सुक्या सोया वडीत साधारण ५० ग्रॅम प्रथिनं. पाकिटावरचा हा आकडा वाचून फसू नका, तो कोरड्या वजनाचा आहे. भिजून तिप्पट झाल्यावर १०० ग्रॅम चुऱ्यात सोळा-सतराच उरतात. कच्च्या मटणात २० च्या आसपास, म्हणजे फार मागं नाही. सुक्या मसुरीत २४-२५, पनीरमध्ये १८ च्या आसपास. अळिंबीत जेमतेम ३, आणि कच्च्या फणसात त्याहून कमी. त्यामुळं फणसाचा रस्सा असेल त्या दिवशी बाजूला मसूर किंवा दही ठेवतो.

बी-१२ हे जीवनसत्त्व मात्र डाळीत नाही, आणि वरून मिसळलेलं नसेल तर सोयातही नाही. दूध-दह्यात थोडं असतं. मटण सोडून दोन वर्षं झाल्यावर आबांचे तळपाय मुंग्या आल्यासारखे व्हायला लागले, रक्त तपासलं तर बी-१२ कमी. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, आता ठीक आहेत. घरात वयस्कर माणसानं मटण सोडलं असेल तर ही तपासणी करून घ्या. आमची आत्ती थायरॉईडची गोळी घेते. तिला डॉक्टरांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवायला सांगितलंय, कारण सोयामुळं ती गोळी नीट शोषली जात नाही. तिची गोळी पहाटेची, चुरा दुपारचा, त्यामुळं अडत नाही.

कांदा-लसूण नको असेल तेव्हा

एकादशीला तर चुराच होत नाही, त्या दिवशी आबांचा उपास. पण चातुर्मासात आमच्याकडं येणारे काही जण कांदा-लसूणही सोडतात. तेव्हा कांद्याच्या जागी दुधी खिसून, पिळून, तुपात तांबूस होईपर्यंत परततो. त्याला गोडसरपणा आणि अंग दोन्ही येतं. लसणाच्या जागी फोडणीत पाव चमचा हिंग आणि आलं दुप्पट. कांदा-लसूण चटणी चालणार नाही, म्हणून ब्याडगी रंगाला आणि थोडी संकेश्वरी तिखटाला, धने-जिरे-तीळ-खोबरं भाजून ताजा मसाला. आळणीतून कांदा-लसूण काढून त्याऐवजी एक टोमॅटो भाजून घाला. चव वेगळी लागते, कमी लागत नाही.

चुरा उरला तर फ्रीझमध्ये दोन-तीन दिवस चांगला राहतो, दुसऱ्या दिवशी तर जास्त मुरलेला असतो. गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडा, कारण तो रात्रभर पीतच असतो. सोमवारी सकाळी बायको उकडलेल्या बटाट्याच्या पारीत तो भरून वडे करते, आईच्या पद्धतीनं. दोन मुलीच्या डब्यात, दोन माझ्या, आणि आबांचे दोन ती गरम गरम सोप्यात नेऊन देते. सोमवारी ते बाहेरच बसतात, पेपर वाचायला उजेड चांगला येतो म्हणून.